मे महिन्यात देशावरून टेकऑफ: डेन्सिटी अल्टिट्यूड, मिक्श्चर आणि इंजिनाची ताकद

पश्चिमवारा

मंडळी, समुद्रसपाटीला शिकलेल्या वैमानिकाला देशावर आल्यावर एक गोष्ट नव्याने शिकावी लागते, ती म्हणजे लाल नॉबचा, म्हणजे मिक्श्चरचा (हवेत पेट्रोल किती मिसळायचं त्याचा) वापर. नॉब आत म्हणजे रिच, पेट्रोल जास्त; मागे म्हणजे लीन, पेट्रोल कमी. हा धागा त्यासाठीच. बोलणं टर्बो नसलेल्या, साध्या पिस्टन इंजिनांबद्दल ठेवू: सेस्ना १५२, १७२ आणि त्यांच्या जातीची विमानं.

आधी हिशेब. लोहगावची उंची १,९४२ फूट. नाशिक, संभाजीनगर, बारामती यांच्या उंच्याही त्याच्याच आसपास. मे महिन्यात दुपारी तापमान ४० अंश आणि क्यूएनएच (समुद्रसपाटीला आणलेला हवेचा दाब) १००६ धरा. प्रमाण १०१३ पेक्षा दाब ७ हेक्टोपास्कलने कमी, दर हेक्टोपास्कलला साधारण ३० फूट, म्हणजे प्रेशर अल्टिट्यूड (दाबावरून येणारी उंची) झाली सुमारे २,१५०. त्या उंचीवर प्रमाण वातावरणाचं तापमान १०.७ अंश, प्रत्यक्षात ४०. फरक २९.३ अंशांचा. दर अंशाला १२० फूट वाढवले की ३,५०० च्या वर जातात. डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या घनतेवरून येणारी उंची, आली सुमारे ५,६७० फूट.

म्हणजे धावपट्टी दोन हजार फुटांवर असली तरी इंजिन, पंखा (प्रोपेलर) आणि पंख तिघांनाही साडेपाच हजारांच्या वरची हवा मिळते आहे. घनता समुद्रसपाटीच्या ८४ टक्के. साध्या इंजिनाची ताकद घनतेपेक्षा थोडी जास्तच घटते, कारण घर्षणात जाणारा वाटा कमी होत नाही. घनतेचं गुणोत्तर सिग्मा धरलं, तर ताकदीचं गुणोत्तर म्हणजे सिग्मा वजा (१ वजा सिग्मा) भागिले ७.५५. आकडा येतो ०.८२. १६० हॉर्सपॉवरच्या इंजिनातून १३२ मिळणार, तेही मिक्श्चर बरोबर असेल तर. त्या 'तर' बद्दल बोलायचं आहे.

रनवे०८

धागा चांगला आहे, पण सुरुवातीलाच विरोध नोंदवतो. टेकऑफला मिक्श्चर पूर्ण रिच हे चेकलिस्टमध्ये छापलेलं असतं आणि त्याला कारण आहे. पूर्ण थ्रॉटलला जास्तीचं पेट्रोल सिलिंडर थंड ठेवतं आणि डिटोनेशनपासून (सिलिंडरमध्ये मिश्रण स्फोटासारखं पेटण्यापासून) वाचवतं. ४० अंशांच्या उन्हात नव्या मुलांना टेकऑफच्या आधी नॉब मागे ओढायला सांगणं मला धोक्याचं वाटतं. हवा कमी म्हणून ताकद कमी, ती नॉबने कुठून परत येणार?

व्हेंचुरी

रनवे०८, थंडाव्याचा मुद्दा खरा आहे, पण तो समुद्रसपाटीच्या हवेसाठी मोजून ठेवलेला आहे. वर गेल्यावर तोच नॉब त्याच जागी ठेवला तरी मिश्रण तेच राहत नाही.

फ्लोट कार्ब्युरेटर हवेचं वजन मोजत नाही. व्हेंचुरीच्या (हवा जाते त्या मध्ये अरुंद नळीच्या) गळ्यात जो दाब पडतो त्याच्या जोरावर तो जेटमधून पेट्रोल ओढतो. तेवढ्याच आरपीएमला इंजिन हवेचं आकारमान जवळपास तेवढंच ओढतं, पण त्या हवेचं वजन सिग्माच्या प्रमाणात घटतं. गळ्यातला दाबफरकही सिग्माच्या प्रमाणात घटतो. मात्र पेट्रोलचा प्रवाह दाबफरकाच्या वर्गमुळावर चालतो. हवा सिग्माने कमी, पेट्रोल फक्त सिग्माच्या वर्गमुळाने कमी. म्हणून मिश्रण १ भागिले वर्गमूळ सिग्मा इतकं रिच होतं.

पश्चिमवारा यांच्या उदाहरणात सिग्मा ०.८४४, म्हणजे मिश्रण जवळपास ९ टक्के जास्त रिच. १०,००० फुटांवर सिग्मा ०.७३८५, तिथे १६ टक्के. पूर्ण ताकद साधारण १२ ते १३ भाग हवेला १ भाग पेट्रोल, वजनाने, या पट्ट्यात मिळते. कारखान्यातून 'फुल रिच' आधीच त्याहून रिच बसवलेलं असतं. त्यावर हे ९ टक्के चढले की ज्वाला मंद होते आणि ताकद उतरते. हवा कमी झाल्यामुळे गेलेली ताकद नॉबने परत येत नाही, हे तुमचं बरोबर. जास्तीच्या पेट्रोलमुळे गेलेली मात्र येते. ती सोडून का द्यायची?

इंजेक्शनवाल्यांनीही गाफील राहू नये. १७२एस मधल्या आयओ-३६०-एल२ए इंजिनाची आरएसए सर्व्हो (पेट्रोल मोजून देणारा भाग) उंचीप्रमाणे आपोआप दुरुस्ती करत नाही. नॉब तिथेही आपल्यालाच फिरवायचा आहे.

हँगरवाला

किती येते ते सांगतो. फिक्स्ड पिच (पात्यांचा कोन न बदलणारा) पंखा उभ्या विमानावर फिरवताना लागणारी ताकद आरपीएमच्या घनावर जाते. पूर्ण थ्रॉटलला फुल रिचवर २,३०० दिसले आणि लीन केल्यावर २,३५० झाले, तर हे ५० आरपीएम म्हणजे साडेसहा टक्के ताकद. काट्याची हालचाल जेमतेम एका बारीक रेघेएवढी, म्हणून दुर्लक्ष होतं.

पद्धत अशी. जागा स्वच्छ बघा, खडी असेल तर पूर्ण थ्रॉटलचा रनअप (टेकऑफपूर्वीची इंजिन तपासणी) करू नका, पंख्याच्या कडा खातात. नाक वाऱ्याकडे, ब्रेक घट्ट, ऑइलचं तापमान हिरव्या पट्ट्यात. थ्रॉटल सावकाश पूर्ण आत. आरपीएम स्थिर झाले की मिक्श्चरचा नॉब बटण न दाबता डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट, अर्धा अर्धा फेरा फिरवत चला. आरपीएम चढतील, थांबतील, मग पडायला लागतील. पडायला लागले की उजवीकडे फिरवून शिखरावर परत या आणि तिथून किंचित रिचकडे सरका, आरपीएम न गमावता. हाच टेकऑफचा सेटिंग. हे सगळं लवकर उरका, उभ्या विमानाच्या काउलिंगमधून हवा जात नाही.

आरपीएम मॅन्युअलमधल्या स्टॅटिक (विमान उभं असतानाच्या) मर्यादेच्या खाली असतील तर टेकऑफ करू नका. विमान हँगरमध्ये आणा.

१,८०० च्या रनअपला लीन करून तोच सेटिंग टेकऑफला वापरायची सवय मात्र चुकीची. पूर्ण थ्रॉटलला कार्ब्युरेटर जास्तीचं पेट्रोल द्यायला लागतो. अर्ध्या थ्रॉटलचं शिखर तिथे लागू होत नाही.

घाटमाथा

एक शंका. १७२ च्या पीओएचमध्ये (विमानाच्या पुस्तकात) लिहिलं आहे की ३,००० फुटांवरच्या फील्डवर टेकऑफपूर्वी लीन करा. पुण्याची फील्ड तर २,००० च्याही आत आहे. मग पुस्तकाप्रमाणे पूर्ण रिचच बरोबर ना? परीक्षेत हेच लिहायचं आणि विमानात वेगळं करायचं का?

पश्चिमवारा

घाटमाथा, अगदी मोक्याचा प्रश्न. परीक्षेत पुस्तकातलं वाक्य लिहा. विमानात पुस्तकाच्या विरुद्ध जायचंच नाही, पण इंजिन बनवणाऱ्या लायकमिंगची सूचनाही वाचायची. ती डेन्सिटी अल्टिट्यूडबद्दल बोलते: ५,००० फूट डेन्सिटी अल्टिट्यूड किंवा त्याहून जास्त असेल, किंवा तापमान फार असेल, तर फुल रिचला इंजिन खडबडीत चालू शकतं किंवा ताकद कमी होऊ शकते, तेव्हा मिक्श्चर इंजिन सुरळीत होईपर्यंत जुळवावं. आपल्या उदाहरणात आपण ५,६७० ला आहोत. कार्ब्युरेटरला नकाशावरची उंची कळत नाही, घनताच कळते.

म्हणून जानेवारीच्या सकाळी १२ अंशांना पुण्यात फुल रिच ठीक आहे. मेच्या दुपारी तपासून बघितल्याशिवाय नाही. आणि तुमच्या संस्थेच्या नियमांत याबद्दल काही लिहिलं असेल तर ते आधी, प्रशिक्षकांशी बोलून.

रनवे०८ यांची काळजी इथे कामाची आहे. ५,६७० ला इंजिन अजून ८२ टक्के देतं आहे, ७५ च्या वर. इथे शिखराच्या रिच बाजूलाच राहायचं, पैसे वाचवायला लीन करायचं नाही. ८,००० च्या आसपास पूर्ण थ्रॉटललाही ७५ टक्केच उरतात, तिथून वर मोकळीक.

रॉकीज

कोलोरॅडोतून लिहितो आहे. डेन्व्हरजवळचं सेंटेनियल विमानतळ ५,८८५ फुटांवर. उन्हाळ्यात ३५ अंशांना डेन्सिटी अल्टिट्यूड ९,७०० च्या घरात. इथे टेकऑफपूर्वी लीन करणं हा रोजचाच भाग आहे, कोणी त्यावर वाद घालत नाही.

देशावरच्या मित्रांसाठी दोन गोष्टी. एक, उतरताना. 'बिफोर लँडिंग, मिक्श्चर रिच' म्हणत नॉब झटकन आत ढकलला की उंच किंवा तापलेल्या फील्डवर गो-अराउंडच्या (उतरणं सोडून पुन्हा वर जाण्याच्या) वेळी इंजिन घुसमटतं. थ्रॉटल पूर्ण दिला, आवाज जड आला, काळा धूर आणि चढ नाही, असं झालं तर नॉब थोडा मागे घ्यायचा हे हाताला आधीच माहीत हवं. उतरणीत दर हजार फुटांना थोडं थोडं रिच करत या आणि फायनलला त्या फील्डच्या टेकऑफएवढ्या सेटिंगवर ठेवा. उलट चूकही तितकीच वाईट: साडेआठ हजारांचं लीन सेटिंग घेऊन दोन हजारांच्या फील्डवर आलात तर थ्रॉटल उघडताच इंजिन अडखळेल आणि तापेल.

दुसरी गोष्ट अत्यंत महत्त्वाची. टर्बोचार्ज्ड इंजिनाला यातलं काहीही लागू नाही. टी२०६ सारख्या विमानात टर्बो समुद्रसपाटीएवढा दाब देतो, त्यामुळे टेकऑफला कुठल्याही उंचीवर फुल रिच. तिथे लीन केलंत तर डिटोनेशन ठरलेलं.

रनवे०८

व्हेंचुरींचा वर्गमुळाचा हिशेब कागदावर करून बघितला, पटला. माझा विरोध मागे घेतो. आता पुढचं: 'लीन म्हणजे गरम' हे सगळीकडे ऐकू येतं. ईजीटी (एक्झॉस्टचं तापमान) आणि सीएचटी (सिलिंडर हेडचं तापमान) यांचं नेमकं नातं कोणी सांगेल का? १७२एस मध्ये ईजीटीचा काटा असतो, पण बहुतेक विद्यार्थी त्याच्याकडे बघतही नाहीत.

व्हेंचुरी

फुल रिचवरून लीन करत गेलात की ईजीटी चढत जातं, एका शिखराला पोचतं, मग उतरतं. सगळे आकडे त्या शिखरापासून मोजायचे, कारण प्रत्यक्ष तापमान प्रोब कुठे बसवला आहे त्यावर बदलतं.

सर्वात जास्त ताकद शिखराच्या १०० ते १२५ फॅरनहाइट रिच बाजूला. सर्वात जास्त सीएचटी साधारण ४० ते ५० रिचला. म्हणजे पूर्ण रिचपासून निघाल्यावर सिलिंडर आधी तापत जातात, पण शिखर ओलांडून लीन बाजूला गेलं की पुन्हा थंड होतात. 'लीन म्हणजे गरम' हे अर्ध्या वाटेपुरतं खरं. जास्त ताकदीला, ७५ टक्क्यांच्या वर, तो ५० चा पट्टा टाळायचा. ७५ आणि त्याखाली इंजिन सहन करतं, म्हणून १७२एस च्या पीओएचमध्ये क्रूझसाठी ५० रिच हीच शिफारस आहे आणि उत्तम बचतीसाठी थेट शिखर.

लायकमिंगची सीएचटीची कमाल मर्यादा ५०० फॅरनहाइट, पण ती रोज गाठायची जागा नाही. क्रूझला ४०० च्या खाली ठेवलेली सिलिंडरं जास्त टिकतात. चढताना ४३५ कडे जाऊ लागलं तर नाक खाली, वेग वाढवा, थोडं रिच करा, याच क्रमाने. वेगाने मिळणारा थंडावा पेट्रोलच्या थंडाव्यापेक्षा स्वस्त पडतो.

ईजीटी नसलेल्या १५२ मध्ये आरपीएम शिखराला जाऊन २५ ते ५० पडेपर्यंत लीन करायचं, खडखड वाटली तर किंचित रिच. रेंजचे तक्ते असं लीन केलं आहे हे धरूनच छापलेले असतात. फुल रिच उडून त्या तक्त्यावर इंधनाचा हिशेब करणारा माणूस राखीव पेट्रोल आधीच खातो आहे.

हँगरवाला

आता जमिनीवरचं, कारण हँगरमध्ये येणारी निम्मी दुखणी तिथली असतात. टॅक्सीत फुल रिच, कमी आरपीएम, त्यात उंच फील्ड. प्लग तापत नाहीत. १००एलएल (विमानाचं पेट्रोल) मध्ये दर लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं असतं आणि ते वायू होऊन बाहेर पडायला उष्णता लागते. मिळाली नाही की खालच्या प्लगमध्ये करड्या रंगाचे बारीक मणी जमतात. इन्सुलेटर आणि शेल यांच्यामधल्या खोबणीत टोकदार सुईने उकरले की टिचकन निघतात. काजळी असेल तर ती काळी आणि मऊ, बोटाला लागते. मणी म्हणजे शिसं, काजळी म्हणजे जादा पेट्रोल. दोन्ही दिसले तर टॅक्सीची सवय बदला.

सुरू झाल्यावर १,००० ते १,२०० वर नॉब इतका मागे घ्या की थ्रॉटल थोडा उघडताच इंजिन अडखळेल. हे मुद्दाम. असं विमान चुकून टेकऑफला जाऊच शकत नाही, इंजिनच नकार देतं. थोडंसंच लीन करून टॅक्सी करणं मात्र वाईट, कारण ते विसरलं तर टेकऑफ सुरू होतो आणि मग इंजिन तापतं.

रनअपला १७२एस मध्ये १,८०० ला मॅग ड्रॉप (प्लगना ठिणगी देणाऱ्या दोनपैकी एकाच मॅग्नेटोवर चालवल्यावर आरपीएममध्ये येणारी घट) १५० च्या आत आणि दोन्हींत फरक ५० च्या आत हवा. खडखडत जास्त ड्रॉप आला तर बहुतेक वेळा प्लग. दोन्ही मॅग्नेटोंवर २,००० च्या आसपास आरपीएम ठेवून शिखरापर्यंत लीन करा, अर्धा-एक मिनिट चालवा, पुन्हा तपासा. दोनदा करूनही गेलं नाही तर परत या. ड्रॉप जास्त पण अगदी गुळगुळीत असेल तर मिक्श्चर जास्त रिच किंवा टायमिंग. लीन करून पुन्हा बघा, फरक पडला तर कळेल.

घाटमाथा

पावसाळ्याचं काय? हवा थंड असते, म्हणजे ताकद चांगली मिळायला हवी, पण कार्ब हीटचा (कार्ब्युरेटरमधला बर्फ वितळवणाऱ्या गरम हवेचा) मिक्श्चरवर काय परिणाम?

पश्चिमवारा

कार्ब हीट ओढली की गरम, विरळ हवा येते आणि व्हेंचुरींच्या त्याच वर्गमुळाने मिश्रण रिच होतं. ताकदही पडते. बर्फ नसेल तर आरपीएम पडून तिथेच राहतात. असेल तर आधी पडतात, खडखडतात, मग बर्फ वितळला की चढतात. त्या खडखडीला घाबरून हीटचा नॉब परत ढकलायचा नाही. हीट बराच वेळ चालू ठेवणार असाल तर नव्याने लीन करा. आणि जमिनीवर हीट जेमतेम तपासणीपुरतीच, ती हवा फिल्टरमधून येत नाही.

आपल्याकडे बर्फ कशाला जमेल, असं समजू नका. गळ्यात तापमान ३० अंशांहून जास्त पडू शकतं. २५ अंश, ओली हवा आणि उतरणीचा कमी थ्रॉटल, हे कोकणातलं आणि घाटातलं जूनपासूनचं नेहमीचं चित्र आणि बर्फासाठी पोषक.

ओलाव्याचा थेट परिणाम वेगळा. मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल तर वाफेचा दाब सुमारे ३५ हेक्टोपास्कल, म्हणजे १००६ पैकी साडेतीन टक्के जागा वाफेने घेतली. तेवढा प्राणवायू कमी, आणि कार्ब्युरेटर ती वाफ हवाच समजून पेट्रोल देतो. जुहूलाही, जिथे साधा हिशेब अडीच हजारांची डेन्सिटी अल्टिट्यूड दाखवतो, इंजिन त्याहून मंद वाटतं ते यामुळे. नेहमीच्या सूत्रात ओलावा धरलेला नसतो.

इंधनवही

रोटॅक्स ९१२ (हलक्या विमानांचं इंजिन) वाल्यांसाठी दोन ओळी: तिथे लाल नॉब नाही. बिंगच्या कार्ब्युरेटरमध्ये पडद्यावर चालणारा पिस्टन आणि निमुळती सुई घनतेप्रमाणे बऱ्यापैकी जुळवून घेतात. ९१२आयएस मध्ये हे काम संगणक करतो. ताकद मात्र त्यांचीही घटते, तो हिशेब सुटत नाही.

रनवे०८

धावपट्टीचा हिशेब कोणी मांडेल का? विद्यार्थ्यांना १३२ हॉर्सपॉवर ऐकून काही वाटत नाही, फूट ऐकून वाटतं.

पश्चिमवारा

घ्या. १७२एन, पूर्ण वजन २,३०० पाउंड, समुद्रसपाटीला प्रमाण हवेत ग्राउंड रोल (जमिनीवरची धाव) ८०५ फूट आणि ५० फुटी अडथळ्यापर्यंत १,४४०. सिग्मा ०.८४४ ला जमिनीवरचा खरा वेग पावणेनऊ टक्के जास्त लागतो, म्हणजे हवेत उचलायला लागणारी ऊर्जा १८ टक्के जास्त, आणि ती देणारी ताकद १८ टक्के कमी. रोल साधारण ४५ टक्क्यांनी वाढतो, १,१६० च्या आसपास. गवताची पट्टी असेल तर ग्राउंड रोलचे आणखी १५ टक्के. चढ ७७० फूट प्रति मिनिटावरून ५०० च्या जवळ. हे पाटीवरचे आकडे आहेत, उड्डाणाला पीओएचचा तक्ताच उघडायचा. मिक्श्चर चुकवून साडेसहा टक्के सोडलेत तर ते चढातून जातात, कारण विमान तरंगत ठेवायला लागणारी ताकद तेवढीच राहते, कापला जातो तो वरचा शिल्लक भाग.

सगळ्यांत टोकाचं उदाहरण लेह. १०,६८२ फूट. जुलैत २५ अंशांना डेन्सिटी अल्टिट्यूड १४,४०० च्या घरात, आणि १७२एस ची सर्व्हिस सीलिंग (जिथे विमानाचा चढ जवळपास संपतो ती उंची) १४,०००. इंजिन ५९ टक्क्यांवर. तिथे नॉब कितीही नीट लावा, पूर्ण वजनाचं विमान जमिनीवरच स्वतःच्या सीलिंगच्या वर उभं आहे.

घाटमाथा

शेवटचं विचारते. आमच्याकडे समुद्रसपाटीच्या तळावरून आलेलं एक विमान टॅक्सीत थ्रॉटल बंद केला की घोरल्यासारखं चालतं, हवेत मात्र ठीक. हे उंचीमुळे का?

हँगरवाला

शक्यता तीच. आयडलचं (थ्रॉटल बंद असतानाचं) मिक्श्चर वेगळ्या स्क्रूवर असतं आणि ते जिथे लावलं तिथल्या हवेसाठी लावलेलं असतं. बंद करताना तपासा: इंजिन गरम, आयडलवर, नॉब सावकाश मागे घेत जा आणि आरपीएमचा काटा बघत राहा. बंद पडायच्या आधी १० ते ५० आरपीएम वाढले तर ठीक. ५० पेक्षा जास्त उसळले तर आयडल फार रिच आहे. अजिबात न वाढता थेट पडले तर फार लीन. आकडा टेक लॉगमध्ये लिहा, इंजिनिअरला स्क्रू किती फिरवायचा ते त्यावरून कळतं. आणि स्क्रूला हात लावण्याआधी नॉब पूर्ण आत ढकलून पुढून बघायला सांगा. कार्ब्युरेटरचा हात स्टॉपला टेकून नॉबला थोडी उसळी उरली पाहिजे. नॉब आधी टेकत असेल तर केबलचं सेटिंग चुकलं आहे. विमानाला फुल रिच कधी मिळतच नाही, आणि ते आधी दुरुस्त करायचं.